रस्ता वर, घर खाली

22 जुलै 2023चा पाऊस यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. शहरात वाघाडी नदीचे पाणी घरांत शिरले. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. असा पूर दरवर्षी येत नाही. पण आपल्या कितीतरी मोहल्ल्यांत घरात पाणी शिरायला पूर लागतच नाही, तासाभराचा जोराचा पाऊस पुरतो. मला त्याबद्दल बोलायचे आहे.

आपल्याकडे तळघर असलेली घरे थोडी. तरीही अनेक घरांची आज तळघरे झाली आहेत. जुन्या डांबरावर नवे डांबर, त्यावर सिमेंट काँक्रीट, असे थर चढत गेले. एके काळी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असलेला ओटा आता रस्त्याखाली गेला. पाणी उताराकडे जाते आणि उतार घराकडे झाला आहे. बुजुर्ग मंडळी याला नसीब म्हणतात. मला ते पटत नाही. पाऊस आभाळातून येतो, पण रस्त्याची उंची अंदाजपत्रकात ठरते.

पाणी शिरलेच तर आधी जीव सांभाळा. पाण्यात पाय टाकण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. तिथवर पोहोचायला पाण्यातून जावे लागत असेल, तर हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. खरे तळघर भरले असेल तर बाहेरचे पाणी ओसरेपर्यंत थांबा आणि एकदम उपसू नका. रोज साधारण एक तृतीयांश काढा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीवर दाब टाकते. आतले पाणी अचानक गेले तर भिंत आत कोसळू शकते. डिझेल पंप किंवा जनरेटर तळघरात कधीही चालवू नका, त्याचा धूर बंद जागेत जीव घेतो. पायाला जखम असेल तर नालीच्या पाण्यात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.

मग कागद. आपल्या घरांत शाळेचा दाखला, रेशन कार्ड, खरेदीखत हे सारे बहुधा पलंगाखालच्या पेटीत असते, म्हणजे पाणी सर्वांत आधी पोहोचते तिथे. भिजलेला दाखला पुन्हा मिळवायला किती चकरा माराव्या लागतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आजच सर्व कागदांचे फोटो काढा, मूळ प्रती प्लास्टिकमध्ये घालून उंचावर ठेवा. भिजलेच तर सावलीत पसरून वाळवा, इस्त्री फिरवू नका.

चिखल काढण्यापूर्वी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि नुकसानीचे फोटो घ्या. तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी लेखी करा, पोच घ्या. 2023च्या जुलैत राज्य सरकारने पूरग्रस्त कुटुंबांची तातडीची मदत 5 हजारांवरून 10 हजार रुपये केली होती. पण पंचनाम्यात नाव नसेल तर मदत दारात येत नाही. भाड्याने राहणाऱ्यांची आणि एकट्या राहणाऱ्या खाला-फुफींची नावे सुटू नयेत, हे बघणे शिकलेल्या मुला-मुलींचे काम आहे.

एवढ्यावर थांबलो तर पुढच्या जुलैत पुन्हा बादल्या उपसू. रस्त्याचे काम निघाले की नगर परिषदेकडे माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रक मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. जुना थर खरवडून काढणार का, नाली घरांच्या पातळीपेक्षा खाली आहे का, हे दोनच प्रश्न विचारा. काँक्रीट पडल्यावर विचारून उपयोग नाही.

आणि ज्या अभ्यासिकेत तुम्ही एमपीएससीची तयारी करता, ती तळघरात असेल तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता आहे का ते पाहा. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरमध्ये तळघरातील वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्या जागेला परवानगी पार्किंग आणि साठवणुकीची होती.

पावसापुढे मोहल्ला, तांडा, वस्ती असा भेद नसतो. उताराखालची सगळी घरे एकाच वेळी भिजतात. म्हणून अर्जावर सही एकट्या मोहल्ल्याची नको, त्या नालीवरच्या प्रत्येक घराची हवी.