तुमचे बाबाही ‘मधले’ आहेत का?

तुमच्या फॅमिली ग्रुपवर असा एक माणूस नक्की असेल. सकाळी ‘शुभ प्रभात’ टाकतो, वाढदिवसाला केकचा फोटो टाकतो आणि निवडणूक आली की एकदम गप्प होतो. आमच्या ग्रुपवर ते म्हणजे माझे बाबा. पुण्याचे काका एका पक्षाचे कट्टर, बंगळुरूचा चुलतभाऊ दुसऱ्या टोकाचा. दोघांची जुंपली की बाबा फक्त वाचत बसतात.

५ फेब्रुवारी २०२५. दिल्ली विधानसभेचं मतदान. आम्ही मयूर विहारमधल्या आमच्या बूथवरून चालत घरी येत होतो. मी विचारलं, “बाबा, कुणाला दिलं?” त्यांनी शाईचं बोट दाखवलं आणि हसले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “तुम्हाला काही भूमिकाच नाही. कुंपणावर बसलं की कुणाशी वाईटपणा येत नाही, एवढंच.”

ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पेपरातलं अग्रलेखाचं पान माझ्याकडे सरकवलं नाही. मी दहावीत असल्यापासून रोज सरकवतात. पुढचे आठ-दहा दिवस ते पान त्यांच्याच बाजूला घडी घालून पडलेलं असायचं.

ब्रिटनमध्ये यालाही नाव आहे

तिकडे अशा वडिलांना ‘सेंट्रिस्ट डॅड’ म्हणतात. मध्यमवयीन, मध्यममार्गी, “दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे” म्हणणारे बाबा. २०१७ च्या आसपास लेबर पक्षात जेरेमी कॉर्बिन यांच्यामागे तरुण मुलं उभी राहिली. टोनी ब्लेअर यांच्या काळात रमलेल्या वडीलधाऱ्यांना ती या नावाने चिडवायला लागली. म्हणजे “तुम्हाला भूमिकाच नाही” हे वाक्य लंडनच्या घरांतही ऐकू येतं तर!

आपल्याकडे मात्र हा शब्द शंभर वर्षांहून जुना आहे. मवाळ. शाळेत आपण ‘जहाल आणि मवाळ’ असा धडा शिकलो. खरं सांगा, तेव्हा आपण सगळे मनातून जहालच होतो ना? मवाळ म्हणजे मऊ, घाबरट, अर्ज-विनंत्या करणारे, असंच डोक्यात बसलं.

मवाळ म्हणजे गप्प नव्हे

बाबांशी अबोला असताना मी गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल वाचलं. १८९७ साली ते इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या तपासण्यांमध्ये सैनिकांनी केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांना पत्रं आली. त्यांच्या भरवशावर त्यांनी तिथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, तेव्हा त्यांनी माफी मागितली. सरकारच्या नजरेत ते आधीच खोटे ठरले होते, आता आपल्या लोकांनी भित्रा म्हटलं. मधल्या माणसाला मार दोन्हीकडून बसतो, तो असा.

पण ते थांबले नाहीत. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शिक्षणहक्क कायदा देशात लागू झाला १ एप्रिल २०१० ला. जवळजवळ शंभर वर्षांनी! १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हा ते फक्त ४८ वर्षांचे होते, दोन मुलींचे वडील. ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले ते टिळक अंत्यसंस्काराला आले आणि त्यांच्याबद्दल गौरवाने बोलले.

दिल्लीचा मधला मतदार

आता आपल्या दिल्लीचे आकडे बघा. २०१४ ला लोकसभेच्या सातही जागा भाजपला, २०१५ ला विधानसभेच्या ७० पैकी ६७ आम आदमी पक्षाला. २०१९ ला पुन्हा सातही भाजपला, २०२० ला ६२ ‘आप’ला. २०२४ ला लोकसभा परत भाजपकडे आणि २०२५ ला विधानसभाही ४८ जागांसह भाजपकडे. नऊ महिन्यांत ‘आप’ची मतं १८ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेली, ती कट्टर लोकांमुळे नाही. ती बाजू बदलणाऱ्या लाखो मधल्या माणसांमुळे.

शेवटी एका रविवारी मीच चहा घेऊन गेले. या वेळी प्रश्न बदलला. “कुणाला ते नका सांगू. का, ते सांगा.”

बाबा तासभर बोलले. दिल्लीत पोलीस केंद्राकडे, नळाचं पाणी राज्याकडे, म्हणून दोन मतांचे दोन हिशोब. कुठल्या वर्षी विजेचं बिल बघितलं, कुठल्या वर्षी माझी रात्रीची शिफ्ट आणि रस्त्यावरचे दिवे. भूमिका होती की! फक्त तिच्यावर कुणाचा झेंडा नव्हता.

मग मी दुसरं विचारलं. “आणि ग्रुपवर एका समाजाबद्दल तो घाणेरडा मेसेज आला, तेव्हा का गप्प बसलात?” ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणाले, “तिथे चुकलो. दादाला दुखवायचं नव्हतं.”

पुढच्या महिन्यात तसाच मेसेज आला. बाबांनी खाली लिहिलं, “दादा, हे खोटं आहे. कृपया काढून टाक.” दहा मिनिटं ग्रुप थंड. काकांनी मेसेज काढला नाही, आणि दर रविवारी येणारा त्यांचा फोन तीन आठवडे आला नाही. बाबा रविवारी फोन जवळ घेऊन बसायचे. चौथ्या रविवारी त्यांनीच लावला, आणि बोलणं निघालं ते आंब्यांच्या भावावरून.

म्हणून सांगते, मधलं असणं वाईट नाही. पण दोन चांगल्या पर्यायांच्या मध्ये उभं राहणं वेगळं आणि खरं-खोटं यांच्या मध्ये उभं राहणं वेगळं. पहिलं विचाराने होतं, दुसरं भिडेने.

या रविवारी तुमच्या बाबांसमोर चहा ठेवा. ‘कुणाला’ विचारू नका, ‘का’ विचारा. आणि उत्तर येईपर्यंत फोन उलटा ठेवा. बाबा लोकांना सुरुवात करायला जरा वेळ लागतो.

आमच्याकडे अग्रलेखाचं पान पुन्हा माझ्या बाजूला यायला लागलंय. आता त्यावर पेनाने प्रश्नचिन्हंही असतात.