पूर ओसरल्यानंतरचे भामटे

२०२३ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री नागपूरवर जो पाऊस कोसळला, त्याची आठवण बर्डीच्या दुकानदारांना आणि नाग नदीकाठच्या रहिवाशांना करून देण्याची गरज नाही. अवघ्या चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि उजाडण्यापूर्वीच नाग नदी वस्तीत शिरली. मोरभवनच्या स्थानकावर बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, झाशी राणी चौकाच्या परिसरातील दुकाने जलमय झाली, पंचशील चौकातील पुलाची हानी झाली आणि अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. माणसेही दगावली. अंबाझरीच्या सांडव्यापुढे काय उभे आहे आणि नदीचे पात्र कोणी आवळले, हा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, आणि तो तेथे जावयासच हवा होता. येथे मात्र पाणी ओसरल्यानंतर उभ्या राहणाऱ्या एका वेगळ्या संकटाविषयी लिहावयाचे आहे.

त्या पुरानंतर शासनाने घरगुती नुकसानीसाठी १० हजार आणि दुकानांसाठी ५० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली. मदत जाहीर झाली म्हणजे पंचनामा आला. पंचनाम्यासाठी दारी आलेल्या कर्मचाऱ्यास आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक आणि मोबाईल क्रमांक द्यावा लागतो, कारण रक्कम आता थेट खात्यात जमा होते. ज्याचे धान्य, अंथरूण आणि मुलांची पुस्तके चिखलात गेली, तो गृहस्थ पुढील कित्येक दिवस दोनच गोष्टींकडे डोळे लावून बसतो: कोणाचा फोन येतो, आणि खात्यात काय जमा होते. नेमक्या अशा वेळी त्याला एक सुसंस्कृत आवाजातील फोन येतो. "काका, तुमचे प्रकरण मंजूर झाले आहे, फक्त खात्याची पडताळणी राहिली आहे, मोबाईलवर आलेला आकडा सांगा." हा आवाज कचेरीचा की भामट्याचा, हे त्या बिचाऱ्याने कशावरून ओळखावे?

ठगाला येथे नवे काही रचावे लागत नाही, ही या प्रकारातील खरी ग्यानबाची मेख आहे. तो शासनाच्याच कार्यपद्धतीची नक्कल करतो, आणि जेथे मूळ पद्धतच लोकांना ठाऊक नसते तेथे नक्कल ओळखू येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधी स्थापन झाला, तेव्हा अवघ्या काही दिवसांत त्याच्या यूपीआय पत्त्यातील शेवटचा 'एस' गाळून बनावट पत्ता तयार करण्यात आला होता. दिल्ली पोलिसांच्या ते लक्षात आले आणि बँकेने तो बंद केला. एका अक्षराचा हा फरक शिकल्यासवरल्या माणसासही सहजासहजी दिसत नाही. अमेरिकेसारख्या देशात २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मदतीच्या नावावर इतकी लूट झाली की, तेथील न्याय खात्याला त्यासाठी खास पथक नेमावे लागले आणि पुढे तेच काम कायमस्वरूपी केंद्राकडे सोपवावे लागले. तेव्हा हा दोष केवळ आपल्या अडाणीपणाचा, असे समजण्याचे कारण नाही.

फसवणुकीची सख्खी बहीण म्हणजे अफवा. २०१८ च्या महापुरात केरळमध्ये मुल्लपेरियार धरण फुटत असल्याची आवई मोबाईलवरून उठवली गेली आणि आधीच हवालदिल झालेल्या लोकांची त्रेधा उडाली. 'अंबाझरीचा बांध गेला' हे तीन शब्द पावसाळ्यातील एखाद्या रात्री कोणी पसरवले, तर बर्डीपासून नंदनवनपर्यंत काय होईल, याची कल्पना करून पाहावी. खोटी धोक्याची सूचना पसरवणाऱ्यास २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु संदेश पुढे ढकलणाऱ्या आपल्यासारख्या सज्जनांना आपण त्या कलमाच्या किती जवळ जात आहोत, याचे भान क्वचितच असते.

नागरिकाने करावयाच्या गोष्टी फार नाहीत. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही द्यावा लागत नाही; तो पैसे देताना लागतो. एवढे एक वाक्य शिक्षकांनी वर्गात पाठ करून घेतले, तरी पुष्कळ घरे वाचतील, कारण आजीच्या मोबाईलचे सारे व्यवहार आज नातवंडेच पाहतात. फसलोच, तर लाजेपोटी दोन दिवस गप्प न राहता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, म्हणजे रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता राहते. पुरात हरवलेला मोबाईल २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी'वरून बंद करता येतो. महत्त्वाची कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवावीत, आणि दुकानदारांनी हिशेबाची एक प्रत तरी तळघरातील संगणकाबाहेर, वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवावी. तळघरात पाणी शिरले की संगणक आणि खातेवही यांत पाणी भेद करीत नाही.

परंतु सावधगिरीचे सारे ओझे पूरग्रस्ताच्याच शिरावर टाकून कचेऱ्यांना मोकळे होता येणार नाही. पंचनाम्याला गेलेला कर्मचारी आधारपत्राचे छायाचित्र स्वतःच्या मोबाईलवर काढतो आणि ते व्हॉट्सॲप गटावर टाकतो. लाभार्थ्यांची यादी खातेक्रमांकांसह या हातातून त्या हातात जाते. हे दृश्य कचेरीत काम केलेल्या कोणास अपरिचित आहे? त्या कर्मचाऱ्याची यात बदनियत नसते. दिवसाला शंभर घरे उरकावयाची असतात, वरून तगादा असतो आणि सरकारी यंत्र हाती दिलेले नसते. पण अशी यादी एकदा बाहेर गेली की भामट्याला नाव, गल्ली, खाते आणि मंजूर रक्कम आयतीच मिळते, आणि मग त्याच्या फोनवर शंका तरी कोण घेणार? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा त्या पुराच्या दीड महिना आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम निघावयास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. नियमांची वाट न पाहताही आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत स्वीकारणे कोणत्याही कचेरीला अशक्य नव्हते. अशी प्रत आधार प्राधिकरण स्वतःच देते.

जिल्हाधिकारी कचेरी आणि महानगरपालिका यांनी पावसाळ्यापूर्वीच काही गोष्टी जाहीर कराव्यात. पंचनाम्यास येणाऱ्याजवळ कोणते ओळखपत्र असेल, तो कोणती माहिती घेईल, आणि कोणती माहिती फोनवरून कधीही विचारली जाणार नाही, हे प्रत्येक झोन कार्यालयाच्या फलकावर, शाळांच्या दारांवर आणि मोरभवनच्या स्थानकावर मोठ्या अक्षरांत लावावे. प्रत्येक पूरग्रस्ताला पंचनाम्याची क्रमांकासह पोच द्यावी आणि चौकशी त्याच क्रमांकावरून, त्याने स्वतः कचेरीत जाऊन किंवा जाहीर केलेल्या एकाच दूरध्वनीवर करावी, असा शिरस्ता पाडावा. खर्च म्हणाल तर तो छपाईचा आणि पोचपुस्तकांचा.