गुलाबी थंडीचा अंदाज आणि गोवंडीची रात्र

डिसेंबर लागला की मराठी वर्तमानपत्रांना एक शब्द हटकून आठवतो: गुलाबी थंडी. पारा घसरला, मुंबईकर सुखावले, कपाटातले स्वेटर बाहेर आले. टीव्हीचा वार्ताहर मरीन ड्राइव्हवर सकाळी फिरायला आलेल्यांपुढे माइक धरतो आणि विचारतो, कसं वाटतंय? सगळ्यांना छानच वाटत असते. हा प्रश्न घेऊन गोवंडीत कुणी येत नाही. म्हणून उत्तर इथे लिहितो.

माझे म्हणणे सरळ आहे. मुसळधार पावसाचा अंदाज आला की मुंबई महापालिका पंप लावते, शाळांना सुट्टी देते, चौपाट्यांवर माणसे उभी करते. उन्हाच्या लाटेचा इशारा आला की दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा, असे निदान सांगितले तरी जाते. थंडीचा अंदाज आला तर? कुठल्या वॉर्ड ऑफिसात कुठली फाइल हलते? कुणीच काही करायचे नसेल तर त्याला इशारा का म्हणायचे? ती नुसती खबर झाली, आणि तीही ज्यांच्या घराला भिंती आहेत त्यांना खूश करणारी.

आधी तो आकडा पाहू. मुंबईचे तापमान म्हणून जे छापले जाते ते कुलाबा आणि सांताक्रूझ इथल्या वेधशाळांचे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, खुद्द हवामान खात्याहूनही जुनी. खाते स्थापन झाले १८७५ मध्ये. मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवतात. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे, जगभर असेच मोजतात. सांताक्रूझचा आजवरचा नीचांक ७.४ अंश, जानेवारी १९६२ मधला. अलीकडे १७ जानेवारी २०२० रोजी तिथे ११.४ अंश नोंदले गेले.

पण निरभ्र रात्री जमीन त्या पेटीतल्या हवेपेक्षा जास्त निवते, हेही शास्त्रच आहे. जो माणूस पेटीच्या उंचीवर नाही, फुटपाथच्या लादीवर झोपलेला आहे, त्याची रात्र छापलेल्या आकड्यापेक्षा गार असते. पत्र्याचेही तसेच. दिवसभर तापलेला पत्रा अंधार पडला की भराभर उष्णता आकाशाला देऊन टाकतो. मध्यरात्रीनंतर तो बाहेरच्या हवेहून गार होतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत झोपलेल्या सहा माणसांच्या श्वासाची वाफ त्यावर जमते. शिवाजीनगरात, बैंगनवाडीत कुणालाही विचारा, थंडीत पत्र्याला घाम फुटतो म्हणजे काय. तो घाम अंथरुणावर टपकतो. अंथरूण ओले, अंगावरची गोधडी दमट आणि पहाटेची वेळ. हे तापमान कुठल्या वेधशाळेत मोजायचे?

इथे कुणीतरी हसून म्हणणार, मुंबईत कसली आलीय थंडी! थंडी पाहायची तर दिल्लीला जा, काश्मीरला जा. माझा एक भाचा कॅनडात असतो. हिवाळ्यात तो तिथल्या अंदाजाचे फोटो पाठवतो: रात्री गोठणारा पाऊस. वरच्या उबदार थरातून पाणी होऊन पडलेला थेंब जमिनीजवळच्या शून्याखालच्या हवेत शिरतो आणि जिथे टेकतो तिथे बर्फ होऊन चिकटतो. रस्त्यावर, झाडावर, विजेच्या तारेवर. घरातले सगळे ते फोटो पाहून म्हणतात, या अल्लाह, आपण बरे बाबा इथे.

खरेच बरे आहोत का? जानेवारी १९९८ मध्ये माँट्रियाल आणि आसपासच्या मुलखात असा पाऊस काही दिवस लागून राहिला. बर्फाच्या ओझ्याने विजेचे मनोरे कोसळले, लाखो लोक अंधारात आणि गारठ्यात सापडले. माणसे तिथेही मेली. पण शाळा आणि सार्वजनिक इमारती निवाऱ्यासाठी उघडल्या गेल्या, लष्कर उतरले. तिथे थंडीचा अंदाज म्हणजे सरकारला दिलेले काम. आपल्याकडे शून्याखाली पारा जात नाही, म्हणून कामही नाही, असा हिशेब आहे. तो हिशेबच चुकीचा आहे.

२०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तेरा देशांतल्या सात कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थायलंड, ब्राझीलसारखे उष्ण देशही त्यात होते. निष्कर्ष असा, की उन्हापेक्षा थंडीने होणारे मृत्यू कितीतरी पट जास्त, आणि त्यांतले बहुतेक कडाक्याच्या थंडीतले नव्हेत, साध्या, मध्यम थंडीतले. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, छातीचे जुने दुखणे उचल खाते. दाखल्यावर थंडी असे लिहिले जात नाही. लिहिले जाते हृदयविकार, न्यूमोनिया, दमा. थंडी त्यातून नामानिराळी राहते.

आणि गोठणारा पाऊस आपल्या नशिबी नसला तरी गारठवणारा पाऊस आहेच. १ आणि २ डिसेंबर २०२१ आठवा. मुंबईसह महाराष्ट्रात अवकाळी पाऊस लागला, वारा सुटला, दिवसाही पारा चढेना. जुन्नर, आंबेगाव, पारनेर भागांत मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या एका-दोन रात्रींत गारठून मेल्या. बर्फ पडले नव्हते, पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. अंगावर जाड लोकर असलेला प्राणी उघड्या रानात भिजला, लोकर ओली झाली, वारा लागला आणि संपला. मेंढ्यांचे निदान पंचनामे झाले. आता लोकर नसलेल्या, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली झोपलेल्या माणसाचा विचार करा. त्या पावसात आमच्या इकडच्या खोल्यांत काय ओले झाले आणि कोण आजारी पडले, याचा पंचनामा करायला कुणी आले नव्हते.

गोवंडीला थंडीबरोबर आणखी एक गोष्ट फुकट मिळते: धूर. एरवी जमिनीजवळची हवा तापून वर जाते आणि धूर, धूळ घेऊन जाते. हिवाळ्याच्या रात्री जमीन आधी निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा ठेवला जातो. झाकणाखाली जे असेल ते तिथेच शिजते. वाळकेश्वरच्या झाकणाखाली काय असेल ते असो. आमच्या झाकणाखाली १९२७ पासूनचे देवनारचे डम्पिंग ग्राउंड आहे, रेडीमिक्स काँक्रीटचे प्लांट आहेत, चोवीस तास ट्रक आहेत, आणि शहरभरच्या रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी २००९ मध्ये इथेच आणून बसवली. गोवंडीतल्या रहिवाशांनी कोर्टकचेरी केली, तेव्हा २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती भट्टी हलवायला दोन वर्षांची मुदत घालून दिली. ज्या लहान मुलाने त्या भट्टीखाली पहिला हिवाळा काढला तो तोवर चौदा वर्षांचा झाला होता.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस डम्पिंगला लागलेली आग आठवते? दिवसच्या दिवस धुमसत होती. धूर नासाच्या उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महिना बघा: जानेवारी. आग उन्हाळ्यातही लागते, पण धूर वस्तीवर बसून राहतो तो हिवाळ्यात. म्हणून मी म्हणतो, मुंबईत थंडीचा अंदाज आणि हवेचा अंदाज वेगवेगळे सांगणे ही अर्धी माहिती आहे. ‘उद्या किमान तापमान १४ अंश’ एवढे सांगून भागत नाही. ‘उद्या पहाटे वारा पडलेला असेल, धूर खाली बसेल, दम्याच्या रुग्णांनी आणि डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्यांनी ऊन चढेपर्यंत थांबावे’ हे सांगितले पाहिजे. आणि थांबलेल्या माणसाची त्या दिवसाची रोजी बुडते, तिचे काय, तेही सांगितले पाहिजे.

किनारपट्टीसाठी थंडीच्या लाटेचा हवामान खात्याचा निकष असा आहे: किमान तापमान १५ अंश किंवा त्याखाली हवे, आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी हवे. म्हणजे देशाच्या हवामान खात्याने मान्य केले आहे, की समुद्रकाठच्या माणसाला १५ अंशांतही थंडी बाधू शकते. मग महापालिकेला ते का मान्य नाही? मार्च २०२२ मध्ये पालिकेने मुंबई वातावरण कृती आराखडा काढला. पूर आहे, कचरा आहे, हवा आहे, हिरवाई आहे. थंडीच्या रात्रीला त्यात वेगळे प्रकरण नाही.

थंडीच्या रात्री या शहरात काहीच घडत नाही असेही नाही. एक काम जोरात होते: तोडकाम. पावसाळ्यात, जूनपासून सप्टेंबरअखेर, राहती घरे पाडू नयेत असे राज्य सरकारचे धोरण आहे. चांगले आहे. पावसात माणूस उघड्यावर टाकू नये एवढी दया कायद्यालाही येते. पण सप्टेंबर संपला की दयेची मुदत संपते, आणि त्यापुढचे महिने थंडीचे. डिसेंबर २००४ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारने सुरू केलेली मोहीम काही विसरलेली नाही. काही आठवड्यांत सुमारे ८० हजार झोपड्या पाडल्या गेल्या. मानखुर्दचे मंडाळाही त्यात होते. ती माणसे, बाळंतिणी, म्हातारी, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मोडलेल्या विटांवर झोपली. तेव्हाही कुठल्यातरी पानावर गुलाबी थंडी असणारच.

दिल्लीतही डिसेंबर २००९ मध्ये ऐन थंडीत एक रात्रनिवारा पाडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यातून मोठ्या शहरांसाठी आदेश निघाला: दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, वर्षभर, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे हवेत. मुंबई त्या आकड्याच्या जवळपासही नाही. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका, आणि तिला न्यायालयाने सांगितलेले छप्पर परवडत नाही.

आता थोडे आपल्या घरात बघू. सरकारला बोल लावून झाला, की आपला समाज ब्लँकेट वाटायला निघतो. बॅनर लागतो, नगरसेवक येतो, म्हातारीच्या हातात ब्लँकेट आणि ब्लँकेटभोवती सहा हात, असा फोटो निघतो. ब्लँकेट वाईट नाही, कुणाची तरी एक रात्र त्यात जाते. पण त्याच गल्लीत इशाची नमाज झाली की मस्जिदीला कुलूप लागते. आत चटया आहेत, पंखे आहेत, पक्के छत आहे, आणि बाहेरच्या ओट्यावर कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन झोपलेले आहे. चोरीची भीती असते, मान्य. मग एक माणूस राखणीला बसवा.

आपल्या दीनला थंडीची रात्र कळते. सहीह बुखारीत हजरत इब्ने उमर यांची रिवायत आहे. गारठ्याच्या किंवा पावसाच्या रात्री, सफरीत असताना, रसूलुल्लाह (स.) मुअज्जिनला अजानीबरोबर हेही पुकारायला सांगत, की लोकांनी आपापल्या मुक्कामीच नमाज पढावी. जरा विचार करा. ज्या पुकाराचे कामच लोकांना बोलावणे, तोच पुकार थंडीच्या रात्री म्हणतो, येऊ नका, जिथे आहात तिथे जपून राहा. हजरत अम्र इब्नुल आस यांनी मोहिमेवर असताना कडाक्याच्या थंडीत गुस्ल न करता तयम्मुम करून साथीदारांना नमाज पढवली. गोष्ट रसूलुल्लाह (स.) यांच्यापर्यंत गेली, तेव्हा ते हसले, रागावले नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटात थंडीचा अंदाज म्हणजे माणसाच्या अंगावरचे ओझे कमी करण्याचे कारण होते. आज उपग्रह आहेत, रडार आहेत, मोबाइलवर तासातासाचा पारा आहे. ओझे मात्र कुणाचे रेसभरही कमी होत नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. किमान तापमान १५ अंशांखाली जाणार किंवा थंडीत अवकाळी पाऊस येणार असा अंदाज असेल, त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मुंबईत एकही राहते घर पाडू नये. त्या रात्री पालिकेच्या शाळांचे तळमजले निवाऱ्यासाठी उघडावेत. पूर आला की उघडता येतात, मग थंडीत का नाही? एम पूर्व वॉर्डाला थंडी आणि धूर यांचा एकत्र इशारा मिळावा, मराठीत, हिंदीत आणि उर्दूत, आणि तो आदल्या संध्याकाळी दवाखान्यांपर्यंत व कचरा वेचणाऱ्यांपर्यंत पोचावा. आणि गोवंडीतल्या मस्जिदींच्या विश्वस्तांना माझी विनंती: अशा रात्री कुलूप लावू नका आणि फज्रच्या वुजूला गरम पाणी ठेवा.

यातल्या एकाही गोष्टीला नवे संशोधन लागत नाही. अंदाज रोज येतोच आहे. तो वाचून कुणाला तरी उठावे लागेल, इतकेच राहिले आहे.