सीमेवरची मातीची भिंत

जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान धारातीर्थी पडले आणि लडाखच्या सीमेवर फौज वाढली. फौज वाढली की बंदुकीइतकाच निकडीचा प्रश्न निवाऱ्याचा असतो. हिवाळ्यात ऊब हवी तर बुखारीत रॉकेल जाळायचे, आणि ते उन्हाळ्यातच ट्रकांनी घाट चढवून साठवायचे. बंद खोलीतला धूर जवानाच्या छातीत जातो तो वेगळाच.

यावरचा एक उपाय लडाखच्या मातीतच आहे. लेहजवळ फे गावी ‘सेकमॉल’ संस्थेच्या इमारती चोपलेल्या मातीच्या आहेत. ओलसर माती साच्यात थराथराने धुम्मसाने ठोकायची, दक्षिणेला काच ठेवायची. जाड भिंत दिवसभर ऊन पिते, रात्री ऊब परत देते. उन्हाच्या याच हिशेबावर सोनम वांगचुक यांनी २०२१ मध्ये १० जवानांसाठी तंबू केला. बाहेर उणे १४ अंश असताना आत १५ अंश, ही त्यांची नोंद.

युक्ती जुनीच. दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या हान राजवटीने वाळवंटी सीमेवर माती चोपून चौक्या बांधल्या आणि शिपायांना शेतीलाही लावले. त्यांतल्या काही भिंती अजून उभ्या आहेत.

मात्र माती पाण्याला भिते. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहची कितीतरी मातीची घरे कोसळली. तेव्हा पाया दगडाचा आणि छप्पर पक्के हवेच. हलत्या तुकडीला तंबूच बरा. पण ठाणे कायमचे असेल, तर रॉकेलचा खर्च दर हिवाळ्याला उभा राहतो. भिंतीचा मुख्य खर्च एकदाच.