मदतीलाही मुदत हवी

कोविडच्या ऐन साथीत, नोव्हेंबर २०२० मध्ये, झांबियाने परदेशी रोख्यांच्या व्याजाचा हप्ता थकवला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच त्याने ‘जी-२०’च्या सामायिक चौकटीखाली कर्जाच्या फेररचनेसाठी अर्ज केला. सरकारी धनकोंशी समझोता झाला तो जून २०२३ मध्ये आणि खासगी रोखेधारकांशी व्यवहार पुरा व्हायला आणखी वर्ष गेले. मधल्या काळात युक्रेन युद्धाने खत आणि इंधन महागले. २०२४ च्या आरंभी अवर्षणाने मक्याची उभी पिके करपली, करिबा धरणाचा साठा खालावला आणि जलविद्युतेवर विसंबलेला देश तासन्‌तास अंधारात राहू लागला. दुष्काळात तेरावा महिना तो हाच.

ही दिरंगाई पैशाअभावी झालेली नाही. तोटा कोणी किती सोसायचा, यावर चीन, पाश्चात्त्य सरकारे आणि रोखेधारक यांची घासाघीस चालली. रोखेधारकांशी ठरलेला पहिला मसुदा, त्यांनी पुरेशी सूट दिली नाही म्हणून सरकारी धनकोंनी २०२३ च्या अखेरीस फेटाळला. किंमत मात्र झांबियाच्या जनतेने मोजली.

निधी वाटपाची तऱ्हाही अशीच. ऑगस्ट २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ६५० अब्ज डॉलरचे विशेष आहरण अधिकार, म्हणजे सदस्य देशांच्या गंगाजळीत भर घालणारी राखीव मालमत्ता, वाटले. वाटप गरजेनुसार नव्हे, तर सदस्यांच्या कोट्यानुसार झाले. त्यामुळे अख्ख्या आफ्रिकेच्या वाट्याला जेमतेम ३३ अब्ज आले.

मार्ग नाही असे नाही. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ चक्रीवादळाने ग्रेनाडाला झोडपले, तेव्हा त्या चिमुकल्या देशाने आपल्या रोख्यांच्या करारातील वादळ-कलमाचा आधार घेऊन हप्ते पुढे ढकलले. आपत्तीच्या वेळी धनकोंच्या विनवण्या कराव्या लागल्या नाहीत, कारण अटी आधीच ठरल्या होत्या. बार्बाडोसच्या पंतप्रधान मिया मोटली हेच सातत्याने मांडत आहेत.

असे कलम प्रत्येक नव्या सरकारी कर्जात सक्तीचे व्हावे. फेररचनेचा अर्ज येताच वसुली थांबावी आणि वाटाघाटींना ठरावीक मुदत असावी. श्रीलंकेच्या कर्ज-फेररचनेसाठीच्या धनको समितीचे सहअध्यक्षपद जपान आणि फ्रान्ससह भूषवलेला भारत आज स्वतः धनको आहे. त्याने आधी आपल्या कर्जकरारांत हे कलम घालावे आणि मग इतरांकडे त्याचा आग्रह धरावा.