वसई पाहिली, कोपरगाव राहिले

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तेव्हा महाराष्ट्रात आनंद व्यक्त झाला आणि तो रास्तच होता. रायगड, राजगड, शिवनेरी यांच्या बरोबरीने खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या सागराशी नाते सांगणाऱ्या चार दुर्गांनाही हा मान मिळाल्याने किनारपट्टीच्या पर्यटनाची चर्चा नव्याने सुरू झाली. त्याआधी महिनाभर, जून २०२५ मध्ये, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला आणि भिवंडीजवळून थेट नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वरकरणी या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु वारसा पाहण्यासाठी घराबाहेर पडणारा माणूस नेमके काय पाहतो आणि काय न पाहताच परततो, हा प्रश्न दोन्हींच्या निमित्ताने उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधायचे, तर किनाऱ्यावरचे एक बंदर आणि समुद्रापासून दूर, गोदावरीच्या काठी वसलेले एक तालुक्याचे गाव यांचा एकत्रित विचार करावा लागतो. ते बंदर म्हणजे वसई आणि ते गाव म्हणजे कोपरगाव.

बंदराचे वैभव

वसईचा किल्ला युनेस्कोच्या यादीत नाही. मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिलेला आहे. मुंबईकरांना सुटीच्या दिवशी सहज गाठता येणारे हे स्थळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोटसेवा सुरू झाल्यावर खाडी ओलांडून जलमार्गानेही तेथे पोहोचण्याची सोय झाली. एका बाजूला किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळी वस्त्या, वाळत घातलेली मासळी, किनाऱ्याला लागलेल्या होड्या. दुसऱ्या बाजूला झाडीत बुडालेली दगडी तटबंदी. आत शिरल्यावर छप्पर हरवलेली चर्चे, त्यांच्या भव्य कमानी, सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज लेखांच्या कबरशिला, नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची मंदिरे आणि खाडीकडे उघडणारा सागरी दरवाजा असा ऐवज दिसतो. हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी ही जागा अनेकदा वापरली गेली. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या २०१६ मधील एका गाजलेल्या गीतातही हे अवशेष जगाने पाहिले. अलीकडे विवाहपूर्व छायाचित्रणासाठी येणाऱ्या जोडप्यांचीही येथे वर्दळ असते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढील दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिली. जहाजबांधणी, दगड आणि इमारती लाकूड यांचा व्यापार, धर्मपीठे आणि श्रीमंतांची घरे यांमुळे गोव्याखालोखाल तिचा दबदबा होता. जपानमधील नागासाकी येथे १५९७ मध्ये क्रुसावर चढवले गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद लाभलेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे सुपुत्र. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर हा किल्ला जिंकला. युरोपीय सत्तेविरुद्ध मराठ्यांनी मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय मानला जातो. किल्ल्याजवळ चिमाजी आप्पांचे स्मारक आहे, ते योग्यच आहे.

या विजयाच्या खुणा देशावरही पोहोचल्या. पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना अर्पण केल्या. नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी असलेल्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. वसईहून निघालेला हा नाद गोदावरीपर्यंत पोहोचतो. तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की कोपरगाव लागते आणि तेथे या कथेचा उत्तरार्ध सुरू होतो. पर्यटकांची वसई मात्र बहुधा १७३९ पाशीच थांबते.

काकांनी जिंकले, पुतण्याने लिहून दिले

चिमाजी आप्पा हे थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू. बाजीरावांचे पुत्र रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा हे त्यांचे पुतणे. १७५८ मध्ये लाहोरपर्यंत मजल मारून अटकेपार पराक्रमाची कीर्ती मिळवणाऱ्या याच राघोबांवर ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात झालेल्या नारायणरावांच्या हत्येचा ठपका आला. रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवले, पुण्यातील कारभारी त्यांच्या विरोधात एकवटले आणि पेशवाईच्या गादीसाठी ते मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयास गेले. मार्च १७७५ मध्ये झालेल्या सुरतेच्या तहात त्यांनी लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याचे मान्य केले. चुलत्याने हजारो माणसांच्या प्राणांची किंमत मोजून जिंकलेले बंदर पुतण्याने छत्तीस वर्षांत कागदावर लिहून दिले.

या करारातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले. १७७६ चा पुरंदरचा तह, १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांनी पत्करलेली नामुष्की, १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने घेतलेली वसई अशी वळणे घेत ते मे १७८२ मधील सालबाईच्या तहाने संपले. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. साष्टी म्हणजे आजचे वांद्र्यापासून दहिसरपर्यंतचे मुंबईचे उपनगर आणि ठाणे. लोकलमधून रोज ये-जा करणारे लाखो नोकरदार ज्या भूमीवर राहतात, तिच्या मालकीचा निर्णय या तहाने झाला.

राघोबादादांच्या वाट्याला या तहाने नेमणूक आणि निवृत्ती आली. राहण्यासाठी त्यांनी गोदावरीकाठचे कोपरगाव निवडले आणि तेथेच डिसेंबर १७८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. सुरतेच्या तहाच्या वर्षी जन्मलेल्या दुसऱ्या बाजीरावाच्या बालपणाची काही वर्षे याच गावात गेली. पुढे हाच बाजीराव पेशवा झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर तो महाड, सुवर्णदुर्ग या मार्गाने समुद्राकडे पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह केला. सहा हजारांची इंग्रज पलटण आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख अशा अटी होत्या. पित्याने बंदर गहाण टाकले होते. पुत्राने त्याच बंदरात राज्याचे स्वातंत्र्य गहाण टाकले. सोळा वर्षांनी पेशवाई संपली.

ज्या सुवर्णदुर्गाचा आज जागतिक वारसा म्हणून गौरव होतो, त्याच्या आश्रयाला हा पळता पेशवा गेला होता, हेही या वारशाचेच एक पान आहे. विजयाची पाने फलकांवर आणि पराभवाची पाने अभ्यासकांच्या कपाटात, अशी वाटणी केल्यास इतिहास अर्धाच राहतो.

वाटेवरचे, पण वाटेबाहेरचे गाव

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगावला प्रवाशांची वाण कधीच नव्हती. दौंड-मनमाड लोहमार्गावरील हे स्थानक अनेक दशके शिर्डीचे प्रवेशद्वार होते. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालेला शिर्डीचा विमानतळ प्रत्यक्षात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे आहे. समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो आणि शिर्डीला जाणारे याच परिसरात तो सोडतात. रेल्वे, विमान आणि रस्ता या तिन्ही मार्गांनी माणसे कोपरगावच्या भूमीवर उतरतात आणि गावाकडे पाठ करून पुढे निघून जातात.

त्यांनी थांबावे असे येथे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. गोदावरीच्या बेट भागात शुक्राचार्यांचे मंदिर आहे. कच, देवयानी आणि संजीवनी विद्या यांच्या कथेशी या परिसराचे नाते सांगितले जाते; येथील साखर कारखान्याला लाभलेले 'संजीवनी' हे नाव त्याच स्मृतीचे द्योतक आहे. जवळच कोकमठाण येथे मध्ययुगीन शिल्पवैभवाचे दर्शन घडवणारे प्राचीन महादेव मंदिर आहे. आणि राघोबादादांच्या वास्तव्याच्या खुणा आहेत. कोपरगाव हे त्यांचे आवडते निवासस्थान असल्याची नोंद १८८४ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये आढळते. त्यांच्या येथील वाड्यात तेव्हा सरकारी कचेरी भरत असे आणि हिंगणी येथील दुसरा वाडा पाडून त्याचे सामान विकले गेले होते. म्हणजे वारशाची हेळसांड ही काही आजची तक्रार नव्हे. ब्रिटिश अमदानीतच तिची सुरुवात झाली होती.

वसईचे अवशेष टिकले, कारण ते दगडाचे होते. देशावरचे वाडे लाकूड, वीट आणि मातीचे. त्यांचे सामान विकता येते, तुळया दुसऱ्या घराला लावता येतात आणि पावसाळ्यात एक भिंत खचली की दुसरी आपोआप खचते. दगडी बंदराला चार दशके विसरले तरी ते उभे राहते. लाकडी वाड्याला चार पावसाळे विसरले, तर तो उरत नाही. त्यामुळे कोपरगावसारख्या ठिकाणी निर्णयाला लागणारा विलंब हाच सर्वांत मोठा शत्रू ठरतो.

अप्रिय स्मृतींचे काय?

राघोबादादांची आठवण जपायची कशाला, असा आक्षेप यावर घेतला जाईल. 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आणि त्या हत्येचा कलंक मराठी मनातून पुसला गेलेला नाही. त्यांच्या नावाने उत्सव करावा, असे कोणी म्हणणारही नाही. परंतु जतन आणि गौरव या दोन भिन्न गोष्टी आहेत. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, घाना देशातील एल्मिना आणि केप कोस्ट येथील किल्ले १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तेथे पर्यटकाला तोफा आणि बुरूज दाखवतात. पण ज्या तळघरांत गुलामांना कोंडले जाई आणि ज्या दारातून त्यांना जहाजावर चढवले जाई, तीही दाखवतात. बंदरातून मसाले आणि कापड जसे जाते, तशी माणसांची आणि राज्यांची स्वातंत्र्येही जातात, हे तेथे आलेल्या शाळकरी मुलाला समजते. वसईच्या सागरी दरवाजापाशी उभ्या राहिलेल्या मराठी मुलालाही ते समजायला हवे.

दुसरा आक्षेप पैशाचा. तालुक्याच्या गावात रस्ते, पाणी आणि आरोग्य यांची निकड असताना जुन्या वाड्यांवर खर्च कशासाठी? हा प्रश्न गैरलागू नाही. मात्र येथे शेकडो कोटींच्या आराखड्याची गरज नाही. उलट, असे आराखडे आले की प्रकाशझोत, कारंजी आणि सिमेंटच्या कमानी येतात आणि मूळ वास्तू त्यांच्या आड जाते. जे उरले आहे त्याची तज्ज्ञांकडून मोजणी आणि नोंद, गळती आणि पडझड रोखणारी तातडीची दुरुस्ती, रेल्वे स्थानक आणि विमानतळावर मराठी, हिंदी व इंग्रजीतील सुबोध माहितीफलक, स्थानिक महाविद्यालयांतील तरुणांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण एवढ्यापासून आरंभ करता येईल. शिर्डीला येणाऱ्या भाविकांपैकी थोड्यांनी जरी अर्धा दिवस येथे घालवला, तरी हॉटेल, रिक्षा आणि किरकोळ व्यापार यांना त्याचा लाभ होईल. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी गोदावरीकाठाकडे देशाचे लक्ष वळत असताना नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या या गावाचा विचार त्याच ओघात होणे शक्य आहे.

वसईतही थोडे काम बाकी आहे. तेथे येणाऱ्याला १५३४ आणि १७३९ इतकेच १७७५, १७८२ आणि १८०२ हे आकडेही ठळकपणे दिसले पाहिजेत. वसईचा किल्ला, पंचवटीची घंटा आणि कोपरगावचे बेट ही तीन ठिकाणे एका नकाशावर, एका सहलीत गुंफता येतील. भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत आलेल्या महामार्गाने ते अंतर आता आटोक्यातही आणले आहे. शालेय सहलींना तर याहून चांगला इतिहासाचा तास मिळणे कठीण.

पर्यटन म्हणजे केवळ सुंदर अवशेषांसमोर छायाचित्र काढणे नव्हे. एखादे बंदर कोणी बांधले, कोणी जिंकले आणि कोणी गमावले, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच ते पाहिल्यासारखे होते. वसईला त्यांपैकी दोन उत्तरे मिळतात. तिसरे उत्तर कोपरगावात, गोदावरीच्या काठी, अजून शिल्लक आहे. ते किती काळ शिल्लक राहील, हे मात्र शासन, नगरपालिका आणि नागरिक यांनी ठरवायचे आहे.