रायफलीचंही माप घ्यावं लागतं



आमच्या गिरावीनच्या घरात ‘रायफल’ हा शब्द पहिल्यांदा निघाला, तेव्हा आजींची पोळी तव्यावरच राहिली. “बंदूक? आणि ती पोरीच्या हातात?” लेक चौदा वर्षांची. तिला समजावलं, आजींनाही समजावलं: न्यू साउथ वेल्समध्ये छर्‍याच्या रायफलीलाही लायसन्स लागतं, बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना वेगळं परमिट असतं आणि रायफल कुलपातच ठेवावी लागते.

शेवटी कामी आल्या अंजली भागवत! 2000 च्या ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक ठरलं ते महिलांच्या दहा मीटर एअर रायफलमध्ये, इथे पश्चिम सिडनीतल्या सेसिल पार्कच्या रेंजवर. त्या अंतिम फेरीत आपली मुंबईची अंजली होती. आठवी आली, पण ऑलिंपिक नेमबाजीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. आजी म्हणाल्या, “बरं, जाऊ दे तिला.”

पण दोन महिन्यांत लेकच म्हणाली, “मला नाही जमत. माझा नेमच वाईट आहे.” मान दुखायची, छर्रे कुठेही जायचे. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे काय लागणार!

क्लबातल्या वयस्कर प्रशिक्षकांनी तिला उभं करून नुसतं बघितलं. म्हणाले, “नेम ठीक आहे, रायफल दुसर्‍याच्या मापाची आहे.” आधी दस्त्याची लांबी कमी केली. मग खांद्याला टेकणारी बटप्लेट वर-खाली करून बसवली. मग गालाखालचा भाग वर घेतला, म्हणजे मान न वाकवता डोळा आपोआप मागच्या भोकाच्या मध्यावर आला. डोकं रायफलीकडे न्यायचं नाही, रायफल डोक्याकडे आणायची! ट्रिगरही पुढे-मागे सरकवला, बोटाचं पेर सरळ मागे दाबेल असा. पुढच्या माशीतलं कडं जरा मोठं घातलं. कडं फार लहान असलं की काळं वर्तुळ त्यात धरून ठेवण्याच्या धडपडीत डोळा थकतो. नळीवर वजन मात्र लावलं नाही. त्याने रायफल स्थिर वाटते, पण कोवळी पाठ दुखते.

मग परीक्षा: डोळे मिटून पवित्रा घ्यायचा, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. रायफल लक्ष्याच्या बाजूला रोखलेली दिसली तर हाताने ओढायची नाही, पाय सरकवायचे.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा त्यांचा कडक नियम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत: गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. पवित्रा बदलला की बटप्लेट, गालाचा भाग यांचं मापही बदलतं. घड्याळ चालू असताना ते अंदाजाने करून कसं चालेल?

लेकीच्या मानेचं दुखणं थांबलं. गुण हळूहळू वाढताहेत, पण ‘माझा नेमच वाईट’ हे वाक्य घरात पुन्हा ऐकू आलं नाही. आजी आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “त्यात काय नवल? दुसरीचा ब्लाउज घातला तर हात वर होईल का?”

आता शनिवारी लेक परत आली की त्या आधी वही मागतात, मग चहा.